पहिला गेमिंग पीसी: साठ हजारांचे एकोणसत्तर कसे झाले

२१ एप्रिल २०२४, रविवार

जमलेले पैसे ६०,०००. त्यात माझे ४५,०००, आण्णांनी हळद विकून आलेल्या पट्टीतून दिलेले १०,००० आणि धाकट्या भावाचे ५,०००. धाकट्याची अट एकच, व्हॅलोरंट आणि जीटीए ५ हे गेम न अडखळता चालले पाहिजेत. मला फोर्झा होरायझन ५ खेळायचा आहे. घरात याआधी कॉम्प्युटर कधीच नव्हता. ऑफिसातल्या पीसीवर मी दिवसभर जीएसटीची रिटर्न भरतो, पण त्याचं झाकण कधी उघडून पाहिलेलं नाही.

इंटरनेटवर '५० हजारांत गेमिंग पीसी' म्हणून ज्या याद्या फिरतात, त्यातल्या बऱ्याच याद्यांत मॉनिटर नसतो. कीबोर्ड-माऊसही नसतात. म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. मॉनिटरचे दहा हजार आणि कीबोर्ड-माऊसचे एक हजार आधीच बाजूला काढले. डब्यासाठी, म्हणजे बाकीच्या पीसीसाठी, उरले ४९,०००. खेळायचं १०८० पिक्सेलवर, त्याच्या वर जायचं नाही, हेही आजच ठरवून टाकलं. नाहीतर 'अजून दोन हजार टाकले तर' हे पालुपद सुरू झालं की थांबत नाही.

२८ एप्रिल, रविवार

पहिला फटका, ५०० रुपयांचा.

कोल्हापुरात एका मुलाकडे जुनं ग्राफिक्स कार्ड, एएमडीचं आरएक्स ५८०, ८ जीबी, साडेसहा हजारांत होतं. फोटो चकचकीत. 'दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे' म्हणाला, म्हणून ५०० रुपये आगाऊ पाठवले. आज प्रत्यक्ष बघायला गेलो. पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची आतली माहिती दाखवणारा प्रोग्रॅम, नेलं होतं, तेवढी एक अक्कल शाबूत होती. त्याच्याच मशीनवर उघडलं तर शेडर्सच्या (कार्डातल्या आकडेमोड करणाऱ्या छोट्या भागांच्या) रकान्यात २०४८ आकडा. खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात. २०४८ वालं कार्ड एएमडीने २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी '५८० २०४८एसपी' अशा जवळपास त्याच नावाने काढलं होतं. आतून ते ५७० च्या तोडीचं. स्टिकरवर मात्र नुसतं '५८०'.

त्याला विचारलं तर म्हणाला, "मला काय माहीत भाऊ, मी पण सेकंडहँडच घेतलंय." खोटं बोलत असेल असं वाटलं नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला, मेमरी चिपच्या जागी, पीसीबीचा रंग करपून तपकिरी झाला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर आकडेमोड करून नाणी कमावणं) बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली अशी कार्डं बाजारात आली. हेही त्यातलंच असावं. कार्ड घेतलं नाही. ५०० रुपये परत मिळाले नाहीत, मीही फार ताणलं नाही.

सेकंडहँड कार्ड घ्यायला हरकत नाही, पण जीपीयू-झेड लावून बघेपर्यंत एक रुपयाही पाठवू नका. खोटं बायोस (कार्डाच्या आतला मूळ प्रोग्रॅम) भरलेली काही एनव्हिडिया कार्डं तर ते प्रोग्रॅम 'फेक' असा शिक्का मारूनच दाखवतं.

७ मे, मंगळवार

आज सांगलीत मतदान, ऑफिसला सुट्टी. सकाळी बोटाला शाई लावून आलो आणि दिवसभर यादी घेऊन बसलो.

प्रोसेसरवर तीन तास गेले. तीन नावं होती: इंटेलचा आय३ १२१००एफ, आणि एएमडीचे रायझन ५ ५६००जी व रायझन ५ ५६००.

धाकट्याचा डाव ५६००जीचा. त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे, म्हणजे आत्ता कार्डाविना चालवायचं आणि दिवाळीला कार्ड घ्यायचं. ऐकायला गोड. पण ५६००जीमध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आणि पीसीआय (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातला रस्ता) जुन्या तिसऱ्या पिढीचं. साध्या ५६०० मध्ये कॅश ३२ एमबी आणि पीसीआय चौथ्या पिढीचं. किंमत जवळपास सारखीच. कार्ड घ्यायचंच असेल तर 'जी'साठी दिलेले पैसे पाण्यात, आणि वर गेममध्ये थोडा मागेच. कार्ड कधीच घ्यायचं नसेल तर गोष्ट वेगळी.

आय३ दोन-तीन हजारांनी स्वस्त आणि गेमसाठी वाईटही नाही. पण कोअर चारच. शिवाय एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या जागी) पुढेमागे जास्त ताकदीचा ५७००एक्स३डी बसवता येतो, ही लालूच मोठी. ५६०० वर शिक्का मारला. आय३च्या नावातला 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. एएमडीच्या साध्या ५६०० मध्येही ते नाही, फक्त नावात तसं लिहिलेलं नाही. हे वाक्य मी यादीत स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पुढे दोन आठवड्यांनी तेच विसरलो.

कार्डाचं लवकर उरकलं. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त, पण मेमरी ४ जीबी आणि पीसीआयच्या लेन चारच. तिसऱ्या पिढीच्या पीसीआयच्या मदरबोर्डावर त्याचा जीव गुदमरतो. आरएक्स ६६०० ला ८ जीबी आणि आठ लेन. त्याला जुन्या बोर्डावर फारसा फरक पडत नाही. म्हणून बोर्ड नवा बी५५० न घेता जुना बी४५० घ्यायचा, तीन हजार वाचतील.

हिशेब बरोबर होता. पण बी४५० हा रायझन ५०००च्या आधीचा बोर्ड आहे याचा अर्थ काय, ते तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

यादीची शेवटची ओळ जशी लिहिली तशी देतो: 'एसएमपीएस – कॅबिनेटसोबत येतो.' पाच शब्दसुद्धा नाहीत. प्रोसेसरला तीन तास दिले, सगळ्या पीसीला वीज पुरवणाऱ्या या पेटीला तीन सेकंद.

१८ मे, शनिवार, मुंबई

काल रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो, सकाळी दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडवर पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी: पाटीवर 'डॉ. भडकमकर मार्ग' असतं, लोक मात्र जुन्याच नावाने सांगतात. रविवारी बहुतेक शटर खाली असतात, म्हणून शनिवार धरला. दुकानं उघडायला अकरा वाजतात. नऊपासून मी उगाच फिरत होतो.

रस्त्यावरची मोठी दुकानं सोडून बिल्डिंगांमधल्या वरच्या मजल्यांवरही फिरा. प्रत्येक ठिकाणी यादी दाखवायची, दुकानदार चिटोऱ्यावर भाव लिहून देतो, ते चिटोरं खिशात घालून पुढे जायचं. कुणाला राग येत नाही. पाच चिटोरी जमली. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव यांत एकूण २,८०० रुपयांचा फरक.

सर्वांत खालच्या भावाचं गुपित दोन गोष्टींत निघालं. एक, प्रोसेसर 'ट्रे'चा. म्हणजे खोकं नाही, सोबत पंखा नाही आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नाही, जी काही असेल ती दुकानाची. ९०० रुपये वाचतात आणि पंख्याला त्याहून जास्त जातात. दुसरं म्हणजे बिल. "पक्कं बिल पाहिजे की कच्चं?" असं अगदी 'साखर घालू का' या सुरात विचारतात. कच्च्यात १८ टक्के जीएसटी वाचतो. मी दिवसभर जीएसटीचंच काम करतो, तरी एक क्षण मोह झालाच, हे कबूल करतो. पण कार्ड उद्या बिघडलं तर सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा बिल मागणार. पक्कं घेतलं, त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घेतला आणि तिथेच खोक्यांवरचे नंबर पडताळले.

घेतलेलं सामान:

रायझन ५ ५६००, खोक्यासकट – ११,६००
बी४५० बोर्ड – ५,९००
रॅम १६ जीबी, वेग ३२००, एकच पट्टी – ३,३००
आरएक्स ६६०० – २०,४००
एनव्हीएमई एसएसडी, ५०० जीबी – ३,१००

रॅमच्या दोन आठ-आठच्या पट्ट्या घ्यायच्या असं यादीत होतं. शेठ म्हणाले, "एकच सोळाची घ्या, उद्या वाढवायला जागा राहते." पटलं. त्यांना आठच्या पट्ट्या शोधायला वरच्या माळ्यावर माणूस पाठवावा लागला असता, हे नंतर सुचलं.

प्रवास, चहा, वडापाव, दुपारची थाळी मिळून १,१५०. रात्रीच्या गाडीत कार्डाचं खोकं उशाला घेऊन झोपलो.

१९ मे, रविवार

कॅबिनेट मुंबईहून आणणं शक्य नव्हतं, ते आधीच सांगलीत घेऊन ठेवलं होतं. समोरून काळी चकचकीत काच, आत रंगीत दिव्यांचे पंखे, आणि सोबत '४५० वॅट'चा एसएमपीएस. सगळं २,७०० मध्ये. मॉनिटर ऑनलाइन मागवला होता, २४ इंची आयपीएस, १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ चित्रं), १०,२००. कीबोर्ड-माऊस ९००. प्रवास धरून ५९,२५०. साठाच्या आत! धाकट्याला टाळी दिली.

सकाळी दहाला बसलो, संध्याकाळी सहाला उठलो. मध्ये काय काय झालं:

प्रोसेसरच्या पंख्यासाठी बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आधी काढाव्या लागतात. त्यांचे स्क्रू काढले की मागची धातूची प्लेट सुटून खाली पडते. हे माहीत नसल्याने काहीतरी तुटलं या भीतीने आम्ही अर्धा तास नुसते एकमेकांकडे बघत बसलो. प्लेट मागून हाताने धरायची आणि पुढून पंख्याचे स्क्रू थोडे थोडे आलटून पालटून आवळायचे. पेस्ट पंख्याला आधीच लावलेली असते, वेगळी आणायची गरज नाही.

बोर्ड बसवला, नऊ स्क्रू आवळले, मग खोक्यात ती मागची पत्र्याची चौकट दिसली, यूएसबीच्या भोकांची. ती बोर्डाच्या आधी बसवायची असते. सगळं परत काढलं. चाळीस मिनिटं.

कार्डाला आठ पिनांची वायर लागते. आमच्या एसएमपीएसला ती नव्हतीच. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "कन्व्हर्टर लाव की, दोन मोलेक्सचं एक करतोय." मोलेक्स म्हणजे जुन्या पद्धतीची चार पिनांची वायर. त्याच्याकडून कन्व्हर्टर फुकट आणला. फुकट मिळाला तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, धाकटा ओरडला. मॉनिटरवर 'नो सिग्नल'.

२० ते २२ मे

तीन संध्याकाळी. रोज ऑफिसातून आलो की शर्ट न बदलता खाली बसायचं.

सोमवारी कळलं की एचडीएमआय केबल बोर्डाच्या भोकात लावली होती. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे ते भोक मुकं. माझ्याच अक्षरात यादीत लिहिलेलं होतं. केबल कार्डाला लावली. तरीही 'नो सिग्नल'.

मंगळवारी रॅम काढून दुसऱ्या खाचेत घातली. खोडरबरने पिना पुसल्या. केबल बदलली, मॉनिटर शेजारच्या सेटटॉप बॉक्सला लावून पाहिला, तो ठीक.

बुधवारी कार्ड काढून परत बसवलं. प्रोसेसर काढून पिना पाहिल्या. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, एक जरी वाकली तरी खेळ खलास. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून ओळी तपासल्या, सगळ्या सरळ. त्या रात्री बोर्डाच्या कोपऱ्यात चार बारीक दिवे दिसले. त्यातल्या 'सीपीयू' नावाच्या दिव्याचा लाल ठिपका पहिल्या दिवसापासून जळत होता. कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांत आम्हाला तो दिसलाच नव्हता.

मग खोकं पाहिलं. रायझन ५००० चालतो असं सांगणारं स्टिकर बोर्डाच्या खोक्यावर असतं. आमच्या खोक्यावर नव्हतं. माल दुकानात बरेच दिवस पडून होता, आत बायोस (बोर्ड सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) जुनं आणि त्या बायोसला हा प्रोसेसर ओळखीचाच नाही. काही बोर्डांवर प्रोसेसरविना पेनड्राइव्हवरून बायोस भरायचं बटण असतं. आमच्यावर तेही नाही. तीन हजार वाचवले ते असे.

अजून एक गोष्ट या तीन दिवसांत नोंदवायची राहिली. कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या येत होत्या. मी म्हटलं, अनवाणी बसल्यामुळे होत असेल.

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमेची सुट्टी. बोर्ड घेऊन एसटीने कोल्हापूर. दुरुस्तीवाल्याकडे जुना रायझन होता, तो घालून नवं बायोस भरलं. वीस मिनिटं, ५०० रुपये. येणं-जाणं १८०. मुंबईत घेतानाच "यावर ५६०० चालू होऊन दाखवा" म्हटलं असतं तर शेठने बसल्या जागी करून दिलं असतं.

रात्री साडेनऊला स्क्रीनवर अक्षरं आली. आईने देवापुढची साखर वाटली.

२६ मे, रविवार

विंडोज ११ टाकलं. व्हॅलोरंट सुरू होईना, त्याला टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद केल्यावरच सिक्युअर बूटचा पर्याय दिसला. हे तासाभराचं काम, गंभीर काही नाही.

गंभीर ते पुढे. जीटीए पंधरा-वीस मिनिटं छान चालतो, मग स्क्रीन काळी आणि मशीन आपोआप रीस्टार्ट. व्हॅलोरंटमध्ये होत नाही. फोर्झामध्ये पाच मिनिटांत होतं. विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' एवढंच. त्याचा अर्थ इतकाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. नावातच 'पॉवर' आहे, तरी मी दोन दिवस ड्रायव्हर काढत-घालत बसलो.

२८ मे, मंगळवार

फोर्झा चालू असताना करपट वास आला. बंद केलं, झाकण उघडलं. मोलेक्सच्या कन्व्हर्टरचं पांढरं प्लास्टिक एका पिनेभोवती पिवळं पडून मऊ झालं होतं.

आता एसएमपीएसचं लेबल वाचलं. मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. खालच्या बारीक कोष्टकात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, आणि तेही लेबल खरं बोलत असेल तर. कार्ड एकटं १३२, प्रोसेसर ७५ च्या आसपास, वर बोर्ड आणि पंखे. कार्ड क्षणभर उसळी घेतं तेव्हा तर विचारूच नका. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत भरून बेरीज ४५० केली होती. रिटर्नमध्ये असली बेरीज मी दहा सेकंदांत पकडली असती.

कार्ड वाचलं, हे नशीब. एसएमपीएस निवडताना वॅटचा मोठा आकडा बघू नका, १२ व्होल्टचे अँपिअर बघा आणि बाराने गुणा.

१ जून, शनिवार

नवा एसएमपीएस, ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का), ४,१००. लेबलवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट. हाताला दुप्पट जड. आठ पिनांची वायर त्याचीच, कन्व्हर्टर कचऱ्यात. फोर्झा दोन तास चालवला, रीस्टार्ट नाही.

पण मुंग्या तशाच, उलट जास्त. टेस्टर कॅबिनेटच्या पत्र्याला लावला तर दिवा पेटला. धाकटा घाबरून कॉटवर चढला.

२ आणि ९ जून

गल्लीतले वायरमन काका आले. नवा एसएमपीएस खराब निघाला असं माझं मत. ते काही न बोलता बल्ब लावलेली दोन टोकांची वायर घेऊन बसले. एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला, बल्ब लख्ख. मग दुसरं टोक थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकात, बल्ब विझलेला. बोर्ड उघडला, तर त्या भोकाच्या मागे वायरच नाही. आजोबांच्या वेळचं घर. थ्री-पिन सॉकेट नंतर बसवलं, अर्थिंग कधी केलंच नाही.

एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले दोन लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग असलं की त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसलं की कॅबिनेटचा पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. करंट इवलासा, म्हणून मुंग्या. जुन्या एसएमपीएसमध्ये मुंग्या कमी येत होत्या, त्याअर्थी त्यातला फिल्टर नावापुरताच असणार.

"फ्रीजला हात लावल्यावर झिणझिणत न्हाई व्हय?" काकांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "झिणझिणतंय की. म्या म्हटलं फ्रीजचं तसंच असतंय."

आठवड्यात पाऊस झाला, माती मऊ झाली. ९ तारखेला परसात आण्णा, मी आणि धाकट्याने मिळून सहा फूट खड्डा घेतला. आत जीआयचा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी ओतायला तोंड. तिथून जाड तार मीटरपर्यंत आणि पुढे खोलीत. सामान आणि काकांची मजुरी मिळून २,६००. काकांनी परत बल्ब लावला, पेटला. टेस्टर कॅबिनेटला, विझलेला.

हे पैसे पीसीच्या खात्यात धरायचे की घराच्या, यावर आण्णांशी वाद झाला. फ्रीजही सुधारला, म्हणून घराच्या, असं माझं म्हणणं. ते म्हणाले, "तुझं खोकं आलं न्हवतं तवर फ्रीजची तक्रार हुती का?" पीसीच्या खात्यात.

१६ जून, रविवार

टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग पाहिला, २६६६. पैसे ३२०० चे दिले होते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केल्याशिवाय पूर्ण वेग मिळत नाही. एका क्लिकचं काम, महिनाभर राहिलेलं.

तरी गर्दीच्या सीनमध्ये व्हॅलोरंट झटके देत होता. मित्राच्या आठ-आठच्या दोन पट्ट्या तासभर उसन्या घेऊन लावल्या. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. झटके गेले. रॅमकडे जायला दोन वाटा असतात. एक पट्टी लावली की एकच वाट उघडी राहते आणि व्हॅलोरंटसारखा प्रोसेसरवर ताण देणारा गेम तिथे अडतो. सोळाची पट्टी २,४०० ला विकली, आठच्या दोन ३,५०० ला घेतल्या. तोटा १,१००.

२३ जून, रविवार

कार्डाचं तापमान फोर्झात ८४. पुढची चकचकीत काच हाताने ओढून काढली, ७१ वर आलं. म्हणजे इतके दिवस रंगीत पंखे काचेची हवा काचेलाच देत होते. काच कपाटावर ठेवली. त्या जागी मच्छरदाणीची जाळी चौकटीला ताणून बसवली, ४० रुपये, आणि दोन साधे काळे पंखे, ९००. दिसायला कोंबड्यांचं खुराडं. आईला ते आधीपेक्षा बरं वाटतं, रात्री डोळ्यांवर दिवे येत नाहीत.

३० जून, रविवार

आजची नोंद लिहायला लाज वाटते. धाकट्याचा मित्र आला, दोन मिनिटं खेळला आणि म्हणाला, "दादा, हा मॉनिटर १६५ चा आहे ना? मग साठवर का चाललाय?" विंडोजच्या डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ होतं. केबल लावली की आपोआप १६५ होतं अशी माझी समजूत. महिनाभर आम्ही दोघं "किती स्मूद आहे नाही!" म्हणत होतो.

७ जुलै, रविवार

हिशेब. मूळ यादी प्रवासासह ५९,२५०. त्याशिवाय: बुडालेला आगाऊ ५००, बायोस आणि एसटी ६८०, एसएमपीएस ४,१००, अर्थिंग २,६००, रॅमचा तोटा १,१००, पंखे-जाळी ९४०. हे ९,९२०. एकूण ६९,१७०. विंडोजचं लायसन्स यात नाही, कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही पुसट अक्षरं तशीच आहेत.

आज पुन्हा यादी करायची झाली तर एसएमपीएसची ओळ सर्वांत वर लिहीन. रॅम दोन पट्ट्या. कॅबिनेट जाळीचं. बोर्ड बी४५०च, फक्त दुकानात चालू करून बघून. कार्ड आणि प्रोसेसर यांत एक रुपयाचाही बदल करणार नाही. ज्या दोन वस्तूंवर सगळा वेळ घालवला, त्या दोन्ही बरोबर निघाल्या.

राहिलेलं काम: पावसात लाइट जाते. आमच्या इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे, ते दाबल्यावर लाइट गेली तरी पीसी बंद पडत नाही, दोनदा पाहिलं. बॅटरी किती वेळ टिकते ते अजून मोजलेलं नाही.

जुना ४५० वॅटचा एसएमपीएस मी भंगारात टाकणार होतो. आण्णांनी तो उचलला. वायरमन काकांनी त्याची हिरवी वायर काळीला जोडून तो चालू करून दिला आणि त्याच्या १२ व्होल्टवर जुन्या जीपचा कारटेप लावला. त्याची बॉडीही आता अर्थिंगला जोडली आहे. कारटेपला १८ अँपिअर रगड होतात. रोज पहाटे गोठ्यात सांगली आकाशवाणी लागते, आणि गोठा नेमका माझ्या खिडकीखाली आहे.